माशीची साक्ष

न्यायवैद्यकाच्या व्यवसायात ज्याने काही काळ घालविला आहे त्याला फौजदाराचा पहिला प्रश्न कोणता असणार हे शवागाराचे दार उघडण्यापूर्वीच ठाऊक असते; मयत इसम कोण याहूनही तो मयत केव्हा झाला हे फौजदारास आधी हवे असते, कारण संशयिताची जबानी, शेजाऱ्यांच्या आठवणी आणि गावातील सारी वदंता यांची पारख अखेर त्या एका वेळेवरच व्हावयाची असते. थंड देशांतील ग्रंथकार या प्रश्नाचे उत्तर प्रथम देहाच्या उष्णतेत शोधतात. शरीर किती निवले यावरून ते तास मोजतात. परंतु ज्या सोलापुरात वैशाखात पारा 42-43 अंशांवर चढतो आणि बाहेरची हवाच जिवंत माणसाच्या 37 अंशांहून अधिक तापलेली असते, तेथे माळावर पडलेला देह निवणार तरी कसा? ताठरताही येथे लवकर येते आणि लवकर उतरते. ही लक्षणे मावळली की विचारण्याजोगी साक्षीदार एकच उरते, ती हिरव्यानिळ्या चकाकीची, लाल डोळ्यांची माशी, जिला शास्त्रज्ञ क्रायसोमिया मेगासेफला म्हणतात.

दिवसाउजेडी मृत्यू घडला आणि देह उघड्यावर असला, तर ही माशी पुष्कळदा काही मिनिटांतच येते, आणि डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांच्या कडा, जखमेचे तोंड अशा ओलसर जागी तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी अंडी पुंजक्यांनी घालते. उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत अंड्यांतून अळ्या निघतात, दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेस पोहोचतात आणि पोट भरल्यावर देह सोडून कोष करण्यासाठी मातीत शिरतात. अळीचे वय ठरविताना मी तिच्या लांबीवर सर्वस्वी विसंबत नाही. तिचे मागचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरले की श्वसनाच्या दोन तपकिरी चकत्या दिसतात, आणि दर चकतीवर दोन चिरा असल्या तर अळी दुसऱ्या अवस्थेतली, तीन असल्या तर तिसऱ्या अवस्थेतली. या तीन चिरा स्पष्ट दिसल्या म्हणजे मला आजही समाधान वाटते, कारण तेथे मताला वाव नसतो.

या विद्येचा गाजलेला खटला एका मुंबईकराचाच आहे. मुंबईत वैद्यक शिकलेला आणि इंग्लंडात लँकेस्टर येथे बक रक्स्टन या नावाने व्यवसाय करणारा पारशी डॉक्टर सप्टेंबर 1935 मध्ये पत्नी आणि मोलकरीण यांचा खून करून त्यांच्या देहांचे तुकडे स्कॉटलंडमधील मॉफटजवळच्या घळीत टाकून आला. 29 सप्टेंबरला ते सापडले, तेव्हा ग्लासगोच्या डॉ. मर्न्स यांनी अळ्यांचे वय 12 ते 14 दिवस ठरविले, आणि त्या दोघी दिसेनाशा झाल्याच्या तारखेशी ते जुळले. 12 मे 1936 रोजी रक्स्टनला फाशी झाली. अर्थात केवळ अळ्यांवर नव्हे, ओळख पटविण्याचा पुरावा त्याहून भक्कम होता. पण आपल्याकडच्या वैद्याने यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. स्कॉटलंडच्या थंडीत अळीला जी वाढ गाठावयास दोन आठवडे लागले, ती सोलापूरच्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत पुरी होते. कीटकाला स्वतःची ऊब नसते. हवा जितकी तापेल तितका तो भरभर वाढतो, म्हणून तपमानाची नोंद नसलेली अळी ही तारीख नसलेल्या दस्तऐवजाइतकीच निरुपयोगी होय.

अडचणी पुष्कळ आहेत. अळ्यांचा गठ्ठा दाट झाला की त्याच्या पोटातली उष्णता भोवतालच्या हवेहून कितीतरी अंशांनी वाढते. क्रायसोमियाचीच रुफिफेसिस ही दुसरी जात थोडी मागाहून येते, आणि तिच्या काटेरी अळ्या आधीच्या अळ्यांनाच खाऊन टाकतात. म्हणजे पहिला साक्षीदार दुसऱ्याच्या पोटात जातो. विहिरीत बुडालेल्या देहावर तो वर तरंगेपर्यंत माशी बसूच शकत नाही. देहात कीटकनाशक असेल तर माश्यांचे येणे आणि अळ्यांची वाढ यांत फरक पडू शकतो, आणि आपल्या शेतकरी जिल्ह्यात ही शक्यता कधीच नजरेआड करता येत नाही. याउलट जनावराच्या जखमेत जशा आसड्या पडतात तशा त्या अंथरुणाला खिळलेल्या, दुर्लक्षित वृद्धाच्या जखमेतही पडतात. तेथे अळीचे वय मृत्यूच्या काळाहून मोठे भरते आणि ती मृत्यूची नव्हे, हेळसांडीची साक्ष देते.

म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात, अळ्या मृत्यूनंतरच पडल्या याची खात्री झाल्यावर, तज्ज्ञाने एवढेच म्हणावे की मृत्यू निदान इतके दिवस आधी झाला असला पाहिजे. अमुक दिवशी अमुक वाजता असे म्हणू नये, मग वकील कितीही आग्रह करो.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतील तरुण डॉक्टरांना आणि पंचनामा करणाऱ्या अंमलदारांना माझे कळकळीचे सांगणे आहे. देह हलविण्यापूर्वी अळ्यांच्या गठ्ठ्याचे आणि सावलीतल्या हवेचे तपमान लिहून घ्या. सर्वांत मोठ्या अळ्या निवडा. काही गरम पाण्यात टाकून मग अल्कोहोलात ठेवा, काही जिवंत पाठवा, म्हणजे त्यांची माशी होऊन जात निश्चित करता येईल. देहाखालची माती उकरून कोष शोधा, आणि प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ पेन्सिलीने लिहा. अल्कोहोल सांडला की शाई पुसली जाते.