थेंब राहू दिला

गाडीखाली तेल दिसलं की ते बंद झालंच पाहिजे, या मताचा मी पक्का होतो. कारखान्यात घडलेल्या माणसाचा तो धर्मच: सील आहे तर गळता कामा नये, गळत असेल तर सील बदला. इथे इंग्लंडमधले जुने गाडीवाले ‘जुनी ब्रिटिश गाडी गळणारच’ म्हणत, तेव्हा मला त्यात निष्काळजीपणा दिसे. आज त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलंय असं नाही, पण माझं जुनं मतही आता उरलेलं नाही.

माझी एमजीबी 1964 ची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला या गाड्या 1962 ते 1980 या काळात बनल्या. इंजिन 1798 सीसीचं, आणि माझ्या गाडीत सुरुवातीचं, तीन मेन बेअरिंगांचं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, बरोबर त्याखाली तेल पडे. जागा पाहून कोणीही म्हणेल, क्रँकशाफ्टच्या मागचं सील गेलं. तिथवर पोचायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि माझी तशी तयारीही होती.

पण कौलारू घरात पाणी जिथे टपकतं, त्याच्या वरचंच कौल फुटलेलं असतं असं नाही. इंजिनचंही तेच. वरून झिरपलेलं तेल कडेकडेने खाली उतरतं, गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो, आणि शेवटी सगळं मागच्या खालच्या कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडं केलं आणि अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग फक्त इंजिनमधल्या तेलात टाकला. या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच तेल घालतात. त्यामुळे नुसतं बोटावर घेऊन थेंब कोणाचा ते ओळखता येत नाही. रंग मात्र ते सांगतो.

फेरी मारून आल्यावर दिवा वरून खाली फिरवला. ऑइल प्रेशरच्या काट्याकडे जाणारी नळी ब्लॉकच्या उजव्या अंगाला मागेच जोडलेली असते. तिचा सांधा गळला तरी दोष मागच्या सीलवर जातो. तो कोरडा होता. चमक दिसली डाव्या बाजूला, कार्बोरेटरच्या खाली. तिथे टॅपेटची पत्र्याची दोन झाकणं असतात, प्रत्येक मधल्या एकाच बोल्टवर आवळलेलं. बोल्ट जास्त ओढला की पत्रा वाकतो आणि कॉर्कचं गॅस्केट कडेला नीट बसत नाही. मागच्या झाकणाचं तसंच झालं होतं. शिवाय पुढच्या झाकणावरच्या ब्रीदरची जाळी चिकट काजळीने भरली होती. पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या वायूंना वाट मिळाली नाही, तर आतला दाब वाढतो आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. झाकण सरळ केलं, गॅस्केट नवं घातलं, जाळी साफ केली. गळती पुष्कळ कमी झाली. गाडी उभी केल्यावर मागून पडणारा एखादा थेंब तेवढा राहिला.

त्या थेंबाने माझं मत बदललं. या इंजिनात क्रँकच्या मागे रबरी सील मुळात नाहीच. शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच कापलेली असते. फिरताना ती तेल आत परत ओढते, थांबल्यावर थोडं बाहेर येऊ शकतं. बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाला एक भोक ठेवलेलं आहे आणि त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबते. तिच्या हलण्याने भोक बुजत नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनी हे तेल धरूनच आखणी केली होती आणि क्लचवर न जाता ते बाहेर पडावं अशी वाट करून दिली होती. ज्याला मी बिघाड समजत होतो, ती त्या यंत्राची ठरलेली वागणूक होती. 1964 च्या अखेरीस पाच बेअरिंगांचं इंजिन आलं, त्यात मागे खरं सील आलं. जुन्या इंजिनला तसं सील लावण्याचे संचही मिळतात. पण एवढ्या थेंबासाठी धडधाकट इंजिन खोलणं मला आता न्यायाचं वाटत नाही.

‘गळणारच’ म्हणून हात झटकणं मात्र मला आजही मान्य नाही. तसं म्हटलं असतं तर तुंबलेला ब्रीदर तसाच राहिला असता. हा थेंब रस्त्यावर किंवा नाल्यात जाऊ नये म्हणून गाडीखाली ट्रे ठेवणं माझं काम आहे. डिपस्टिकवरची पातळी भराभर उतरू लागली, थेंबाची धार झाली किंवा क्लच घसरू लागला, तर इंजिन त्याच आठवड्यात बाहेर काढीन. तोवर तो थेंब पडू दे. गळती कोरडी करण्यापेक्षा ती कशामुळे आहे हे ओळखणं मला आता मोलाचं वाटतं. कारण कळलं, की काय दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोन्ही ठरवता येतं.