पुराच्या वाटेवरचा खेळ

नव्या गावात डिस्क गोल्फचा कोर्स शोधायचा असेल, तर मी आधी पाणी कुठे चढतं ते बघते. नदी कुठून वळते, बांध कुठे घातलाय, मोठा पाऊस झाला की कुठला रस्ता बंद होतो. या जागा कळल्या की साखळ्यांच्या बास्केट तिथेच कुठेतरी आसपास सापडतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये कोर्सचे ठिपके दिसतात आणि मीही ते अ‍ॅप वापरतेच. पण कोर्स नेमका तिथेच का आहे हे समजलं, की तो कसा खेळायचा हेही निम्मं समजलेलं असतं.

मी मूळची सांगलीची. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला जमिनीचा भाव पूररेषेवरून कळतो. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथे, घर बांधू देत नाहीत. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००५ आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही भिंतीवर बोट ठेवून दाखवतं. नदीकाठच्या मळीच्या जमिनीत भाजीपाला होतो, गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. घर मात्र कुणी बांधत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एम्पोरियाला राहायला आले आणि इथलेही नकाशे शंभर वर्षांच्या पुराची रेषा आखतात हे बघून मला गाव ओळखीचं वाटायला लागलं. गावाच्या उत्तरेला निओशो नदी, दक्षिणेला कॉटनवुड. पूर्वेला दोघी एकमेकींना मिळतात. मधल्या उंचवट्यावर चोवीसेक हजारांची वस्ती.

खेळ सोपा आहे. टी-पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या चौथऱ्यावरून, डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक, आणि असं करत खांबावर टांगलेल्या साखळ्यांखालच्या बास्केटमध्ये ती पोचवायची. जितक्या कमी फेकी, तितकं चांगलं. गोल्फला सव्वाशे-दीडशे एकर लागतात, शिवाय रोजचं पाणी आणि रोजची कापणी. डिस्क गोल्फचे अठरा होल वीस-तीस एकरांत बसतात. झाडं तोडावी लागत नाहीत, कारण झाड हाच इथला अडथळा. पूर आला तर बास्केटमधून वाहून जातो. घरं, शेती, दुकानं यांतलं काहीच जिथे टिकणार नाही, तिथे हा खेळ टिकतो. म्हणून ज्या जमिनीचं काय करावं हे गावाला सुचत नाही, ती बऱ्याचदा आमच्या वाट्याला येते.

हे अगदी पहिल्या कोर्सपासून चालत आलंय. फ्रिस्बी विकणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिकने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. हे पार्क डेव्हिल्स गेट धरणाच्या वरच्या खोलगट भागाला लागून आहे, आणि १९२० मध्ये बांधलेलं ते धरण पूर अडवण्यासाठीच होतं. साखळ्यांची बास्केटही हेड्रिकचीच. आधी खांबाला डिस्क लागली की नाही यावर वाद होत. साखळ्या आल्या आणि वाद मिटला. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क ओतल्या गेल्या. खेळाचं वेड कुठवर जाऊ शकतं, हे सांगायला एवढं पुरे.

एम्पोरियाला हे वेड उशिरा लागलं, पण जोरात लागलं. इथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या जेरेमी रस्को या तरुणाने २००५ मध्ये डायनॅमिक डिस्क्स ही कंपनी सुरू केली. आज वसंतातल्या मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात गावात हॉटेलची खोली मिळत नाही आणि कमर्शियल स्ट्रीटवर खांद्याला डिस्कची पिशवी नसलेला माणूस पाहुणा वाटतो. त्यामुळे कोर्स शोधण्याची अडचण इथे नाही. आज कुठल्या कोर्सवर जायचं, ही खरी अडचण.

हात बसवायला मी पीटर पॅन पार्कात जाते. 'एम्पोरिया गॅझेट'चे संपादक विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांची मुलगी मेरी १९२१ मध्ये घोड्यावरून जाताना झाडाची फांदी डोक्याला लागून वारली. सोळा वर्षांची होती. बापाने तिच्यावर लिहिलेला मृत्युलेख अमेरिकेत आजही वाचला जातो. त्या कुटुंबाने तिच्या आठवणीसाठी गावाला जमीन दिली, तिचं हे पार्क झालं. इथे तळं आहे, मोठी झाडं आहेत, झोपाळे आहेत, वाढदिवसाला आलेली कुटुंबं आहेत. त्यामुळे इथे पहिली शिकवण हाताची नसते, डोळ्यांची असते: फेकण्याआधी माणसं कुठे आहेत ते बघायचं. मग दहा मीटरच्या आतले पट, म्हणजे बास्केटजवळून टाकायच्या हलक्या फेकी. डावा पाय मागे, वजन पुढच्या पायावर, मनगट सैल, आणि साखळ्यांमधली एकच कडी नजरेत धरायची. पूर्ण बास्केटकडे बघून फेकलं की डिस्क कडेला आपटून बाहेर पडते.

वारा शिकायला मात्र जोन्स पार्क. गावाच्या पश्चिमेला फ्लिंट हिल्स सुरू होतात. तिथल्या चुनखडीत गारगोटीचे थर आहेत. त्यांनी नांगर मोडले, म्हणून ती जमीन शेतीखाली गेली नाही आणि अमेरिकेतलं उंच गवताचं उरलंसुरलं माळरान तिथे वाचलं. पूर्वी होतं त्याच्या चार टक्केसुद्धा आज उरलेलं नाही. म्हणजे हे माळरानही नको असलेली जमीन म्हणूनच शिल्लक राहिलं. त्या माळावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नाही. जोन्स पार्क मोकळं आहे, कडेचं गवत शरदात कंबरेच्या वर जातं आणि त्यात गेलेली डिस्क पायाने चाचपत शोधावी लागते.

वाऱ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची: डिस्कला जमीन दिसत नाही, तिला फक्त अंगावरून जाणारी हवा कळते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेगात असताना उजवीकडे कलते आणि वेग ओसरला की डावीकडे पडते. समोरून वारा आला की हवेच्या हिशोबाने तिचा वेग वाढतो, म्हणून ती जास्तच उजवीकडे कलंडते. अशा वेळी जोर लावावा तेवढं बिघडतं. मग जास्त स्थिर डिस्क घ्यायची, खाली ठेवायची, हात आवरायचा. पाठीमागून वारा असला की उलट: ती हवेत तरंगत नाही, लवकर खाली बसते आणि डावीकडे वळते. तेव्हा हलकी वळणारी डिस्क उंच सोडायची. बाजूचा वारा सगळ्यात चावट. डिस्कचं पोट वाऱ्याला दाखवलं की ती उचलून दूर नेतो, पाठ दाखवली की जमिनीवर दाबतो.

डिस्कवर छापलेले चार आकडे वेग, तरंग, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण सांगतात. ते नव्या डिस्कपुरते खरे. माझ्याकडे एक केशरी मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क, आहे. झाडांवर आपटून तिच्या कडेला बोटाला लागतील असे खरवडे पडलेत, एका जागी प्लास्टिक उलटून आलंय. आकड्यांनुसार ती सरळ जायला हवी, प्रत्यक्षात हलक्या हाताने सोडली तरी उजवीकडे झुकते. पाठचा वारा असला की तिच्याएवढी भरवशाची दुसरी नाही; समोरचा असला की ती पिशवीतून बाहेर येत नाही.

एम्पोरियाच्या दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटांवर ओल्पे गाव आहे. तिथे तळ्याकाठी कोर्स आहे. कॅन्ससमध्ये नैसर्गिक तळी जवळपास नाहीतच; जिथे पाणी दिसेल तिथे कुणीतरी बांध घातलेला असतो. १९५१ च्या महापुरानंतर तर इथल्या नद्यांवर मोठी धरणंही झाली. पाण्याजवळ शिकण्यासारखं फेकीत फार नाही, निवडीत आहे. पाण्यावरून सरळ गेलं तर एक फेक वाचते. पाण्यात पडलं तर दंडाची एक फेक वाढते आणि आवडती डिस्कही जाते. कडेकडेने गेलं तर काही बिघडत नाही, फक्त आतून चुटपुट लागते. काठावर उभं राहून मी स्वतःला एकच विचारते: ही फेक दहा वेळा केली तर किती वेळा पार जाईल? उत्तर सात-आठपेक्षा कमी वाटलं, तर कडेने.

या परिसरात दाट झाडी मिळत नाही. त्यासाठी लॉरेन्सला जायचं, तास-सव्वातास गाडी चालवून. तिथलं सेंटेनियल पार्क चढउताराचं आहे, झाडंही चांगली आहेत. रिव्हरफ्रंट पार्कमधला कोर्स कॅन्सस नदीच्या काठाने, पूर अडवणाऱ्या बांधाच्या बाजूला पसरलाय. उंच कॉटनवुडच्या झाडांमधून जाताना वारा जाणवत नाही, पण चुकायला जागाही नसते. दोन खोडांमधली फट दिसते तेवढीच वाट. इथे फोरहँड कामाला येतो. नदीच्या पाण्यावर चपटा दगड घसरवत सोडायला जसं मनगट फिरवावं लागतं, तसंच ते फिरवायचं. कृष्णाकाठच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मोठ्या भावाला फोनवर हे सगळं सांगत होते. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय. शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे पूररेषेतला खेळ म्हण की!"

"तसंच दादा. घर बुडतं तिथे आम्ही खेळतो."

"मग पूर ओसरल्यावर गाळ कोण काढतं?"

प्रश्न पाटबंधारे खात्याला शोभेल असाच होता. गाळ खेळणारेच काढतात. कुणी फावडं आणतं, कुणी गवत कापायचं यंत्र, कुणी टी-पॅडवरची माती झाडतं. कारखान्यातली पाळी संपवून आलेला माणूस, विद्यापीठातला प्राध्यापक, शाळकरी पोर, सगळे एकाच बास्केटच्या तळातला चिखल खरवडत असतात. याच माणसांमुळे हरवलेल्या डिस्क परत येतात. प्रत्येक जण डिस्कच्या पोटावर मार्करने नाव आणि नंबर लिहितो, आणि ज्याला ती सापडते तो फोन करतो. कुठला होल ओला आहे, कुठे विषारी आयव्ही माजलीय, कुठल्या दिवशी गवत कापलं जातं, ही माहिती कुठल्याही अ‍ॅपपेक्षा लवकर यांच्याकडून मिळते.

आता गावात एक उलटं उदाहरणही आहे. २०२२ ची जागतिक स्पर्धा एम्पोरियात झाली. पॉल मॅकबेथने प्लेऑफमध्ये एरन गॉसेजला हरवलं, महिलांत एस्टोनियाची क्रिस्टिन टाटर जिंकली. या स्पर्धेच्या काही फेऱ्या एम्पोरिया कंट्री क्लबवर, म्हणजे गोल्फसाठी मुद्दाम निवडलेल्या आणि सांभाळलेल्या जमिनीवर खेळल्या गेल्या. तीच जागा आता 'चॅम्पियन्स लँडिंग' नावाने डिस्क गोल्फसाठी ओळखली जाते. ही जमीन कुणाला नको म्हणून आम्हाला मिळाली नव्हती. हवी असलेली जमीन आमच्या खेळाकडे आली. तिथे खेळताना छान वाटतं. आखीव कडा, कापलेलं गवत, लांबवर नजर जाते. पण त्या मैदानावर मी गाळ काढायला कधी गेले नाही आणि मला कुणी बोलावलंही नाही.

म्हणून विद्यापीठात नवी आलेली आपली मुलं-मुली विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" तेव्हा मी त्यांना चॅम्पियन्स लँडिंगला नेत नाही. एक पटर, एक मिडरेंज, दोन्हींवर फोन नंबर, आणि पीटर पॅन पार्क. थोडा हात बसला की वाऱ्याच्या दिवशी जोन्स, मग ओल्पे, मग लॉरेन्स. आणि नद्या चढून उतरल्या की पुढच्या शनिवारी काठावरच्या कोर्सवर, जुने बूट घालून. फावडी गाडीत असतात.