चौदावे नाव

चाटी गल्लीत आमचे चादरी आणि टॉवेलचे दुकान आहे. आजोबांनी सुरू केले, आता पप्पा पाहतात. गेल्या जूनमध्ये पुण्यातील एका जनसंपर्क सल्लागार संस्थेत तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठी मी निघाले, तेव्हा आजीने विचारले, "म्हणजे त्यांच्या वतीनं तू बोलायचं? त्यांना तोंड नाही का?" पप्पा हसले. मीही हसले, पण हुतात्मा एक्स्प्रेस दौंडपर्यंत पोहोचली तरी मला या प्रश्नाचे नीट उत्तर सापडले नव्हते.

पहिला आठवडा कात्रणांत गेला. सकाळी साडेसहाला वृत्तपत्रे उघडायची, ज्या संस्थांचे काम आमच्याकडे होते त्यांचे नाव जेथे आले असेल ते वेगळे काढायचे आणि साडेनऊपर्यंत त्याचा गोषवारा तयार ठेवायचा. पदवी घेऊन हेच करायचे का, असे मनात येई. मग आठवे की आपल्या दुकानात नवा मुलगा आला की तो पहिले सहा महिने फक्त घड्या घालतो; हाताला कापड कळल्याशिवाय त्याला गिऱ्हाइकासमोर कोणी बसवत नाही. अडचण खरी होती ती जेवणाची. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून साडेपाचला मी डबा उघडत असे, आणि नेमकी तीच वेळ पत्रकारांच्या फोनची असे. दोनतीनदा डबा तसाच परत गेला. पुढे कार्यालयातील एक सहकारी साडेपाच ते पावणेसहा माझे फोन आपणहून घेऊ लागला. त्याने कारण कधी विचारले नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी पहिले प्रसिद्धिपत्रक लिहिले. पहिल्याच वाक्यात 'अग्रगण्य', 'सुप्रसिद्ध' आणि 'दर्जेदार' हे तीन शब्द होते. आमच्या वरिष्ठ बाईंनी तिन्हींखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला : हे कोण म्हणते? तिन्ही शब्द गेल्यावर वाक्यात फारसे काही उरले नाही. त्यांनी शांतपणे सांगितले, "आता जे उरलं आहे तेवढंच तुम्हाला माहीत होतं. बाकीचं विचारून या."

त्याच आठवड्यात माझे सोलापूरकर असणे उपयोगी पडले. अनेक शहरांत दुकाने असलेली, चादरी, पडदे, टॉवेल विकणारी एक कंपनी आमच्याकडे होती. तिच्या पत्रकात 'अस्सल सोलापुरी चादर' असे शब्द होते. छायाचित्र पाहताच मला शंका आली; चौकशी केली तेव्हा ती चादर दुसऱ्याच राज्यात विणलेली निघाली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते नाव दुसरीकडच्या मालाला लावणे ही चूक तर आहेच, शिवाय तो कायद्याचाही प्रश्न आहे. जेकार्ड मागावर नक्षी कशी उतरते, चादर हातात घेतल्यावर वजनावरून काय कळते, हे मी त्या बैठकीत दहा मिनिटे बोलत होते. शब्द वगळले गेले. मला त्या कंपनीच्या कामावर कायम नेमण्यात आले.

येथे माझी चूक झाली. आमच्या दुकानाचा माल त्या कंपनीला जातो, हे मला अंधुकसे ठाऊक होते. पप्पा मुलीशी व्यापाराचे फारसे बोलत नसत, पण बिल्टीवरचे नाव मी लहानपणापासून पाहिले होते. ते मी त्याच दिवशी सांगायला हवे होते. सांगितले नाही, कारण आपली कोणाला तरी गरज आहे हे मला फार आवडले होते.

तिसऱ्या आठवड्यातील मंगळवारी बाईंनी एक बंद लिफाफा समोर ठेवला. ती कंपनी आपली नऊ दुकाने बंद करणार होती आणि पुरवठादारांची देणी लगेच चुकवणे तिला शक्य नव्हते. निवेदन तयार करायचे होते. बाई म्हणाल्या, मजकूर नंतर; आधी क्रम ठरवायचा. कामगारांना केव्हा, पुरवठादारांना केव्हा, वृत्तपत्रांना केव्हा. त्यांनी आयव्ही ली या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे गेली. तोपर्यंत रेल्वे कंपन्यांची रीत अपघात झाकण्याची होती. लीने कंपनीकडूनच निवेदन काढवले आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी जाण्याची सोय करून दिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. आमच्या व्यवसायात प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ बहुधा तेथून धरतात.

माझ्याकडे काम आले ते पुरवठादार कोणते प्रश्न विचारतील याची यादी करण्याचे. सोबत पुरवठादारांची नावे होती. चौदावे नाव आमच्या दुकानाचे होते. पुढे रक्कम होती.

त्या रात्री साडेआठला, दुकान वाढवल्यावर नेहमीप्रमाणे पप्पांचा फोन आला. पुण्यात पाऊस आहे का, डबा वेळेवर येतो का. मी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली होती. पाठशाळेत सत्याणुव्रताचे पाच अतिचार आम्ही चालीवर पाठ केले होते. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे, न्यासापहार म्हणजे ठेव बळकावणे. परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले होते. गोष्ट उघड न केल्याने स्वतःच्या वडिलांचेच नुकसान होत असेल तर काय करावे, हा प्रश्न त्या परीक्षेत नव्हता. मी पावसाविषयी बोलले.

बुधवारी सकाळी मी बाईंना सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण चेहरा कठीण झाला. "हे दुसऱ्या आठवड्यात सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. मला त्या कामावरून काढण्यात आले, कागद परत घेण्यात आले. निघताना मी धीर करून एक गोष्ट विचारली : पैसे देता येणार नाहीत हे ज्यांना आज माहीत आहे, ते आज माल का मागवत आहेत? निवेदन निघेपर्यंत निदान नवी मागणी तरी थांबवता येणार नाही का? बाईंनी ते लिहून घेतले आणि माझे नाव न घेता कंपनीसमोर मांडले. पहिले उत्तर आले की व्यवहार नेहमीप्रमाणे चालू राहतील. पुढच्या सोमवारी नव्या मागण्या थांबल्या. मधल्या शुक्रवारी पप्पा फोनवर खुशीत होते. "बारा गाठी आज गेल्या गं. पावसाळ्यात एवढी ऑर्डर म्हणजे चांगलंच की."

माझ्या तोंडून काहीच निघाले नाही. खोटे मी बोलले नाही, हे खरे आहे. पण त्या क्षणी त्याचे समाधान मुळीच वाटले नाही.

कंपनीचे पत्र दुकानात पोहोचले ते मंगळवारनंतर दहाव्या दिवशी. फोन दुपारी आला, जो कधी येत नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो, पप्पा."

"केव्हापासून?"

"दहा दिवस."

"गाठी गेल्या त्याला आठवडा झाला," एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला. आधीची बाकी आणि या गाठी मिळून ३ लाख ८० हजार रुपये सहा हप्त्यांत मिळतील, असे त्या पत्रात होते. आमच्यासारख्या दुकानाला ही रक्कम लहान नाही.

शनिवारी मी सोलापूरला गेले. घरात कोणी काही बोलले नाही, आणि आपल्या घरांतून असे न बोलणे किती मोठ्याने ऐकू येते हे वाचकांना सांगायला नको. आई ताटात वाढत राहिली. काका म्हणाले, "घरचं पोर आणि घराला सांगत नाही, मग शिकवून काय उपयोग?" त्यांचे म्हणणे मला आजही पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पप्पा उठून दुकानात गेले.

रात्री आजीने जवळ बसवून घेतले. आजोबांच्या वेळी दुकानाच्या तिजोरीत लोक आपल्या पुरचुंड्या ठेवायला देत; कोणाच्या बांगड्या, कोणाचे गंठण. त्यांतील एकाने आजोबांचीच उधारी थकवली होती आणि त्याच सालात सुताच्या व्यापाऱ्याचे देणे अंगावर आले होते. पुरचुंडी तिजोरीत होती. "मीच म्हटलं होतं, त्यातलं घ्या म्हणून," आजी म्हणाली. "त्यांनी माझे डाग मोडले." तिने मनगट चाचपले. "मला त्याचा राग आला होता. पुष्कळ वर्षं होता." तो राग केव्हा गेला, हे मी विचारले नाही.

रविवारी सकाळी पप्पांनी मला दुकानात बोलावले. अक्कलकोट रोडवरील ज्या यंत्रमाग कारखानदाराकडून गाठी घेतल्या होत्या, त्यांचे पैसे आता वेळेवर देता येणार नव्हते. त्यांना फोन करण्याआधी हातात द्यायला चार ओळींचे पत्र हवे होते. "तुझं कामच आहे ना हे," ते म्हणाले. आवाजात टोमणा होता की नव्हता, मला ओळखता आले नाही.

मी लिहिले. विशेषणे घातली नाहीत. कंपनीचे पत्र आले, रक्कम अडकली, तुमचे पैसे उशिरा मिळतील, लवकरात लवकर देण्याचा प्रयत्न करू. पप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचले. मग रोजमेळ उघडून बोटाने खाली खाली जात काही हिशेब केला, माझ्या हातातील पेन घेतले, 'लवकरात लवकर देण्याचा प्रयत्न करू' यावर आडवी रेघ मारली आणि तेथे लिहिले : निम्मे १५ ऑगस्टला, निम्मे गणेश चतुर्थीच्या आधी. खाली सही केली.

"आता नीट लिहून काढ," ते म्हणाले, "आणि चल माझ्याबरोबर. आपण स्वतःच देऊन येऊ."