वाळूजचा ब्रोकर

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत त्याला कुणी पाहिलेलं नाही. राहायला तो मुंबईत, भाड्याच्या सर्व्हरवर. नोकरी मात्र वाळूजची. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग करणाऱ्यांच्या शेड उभ्या राहिल्या. अशा एखाद्या शेडमधली सीएनसी मशिनं, कॉम्प्रेसर, भट्टी दर काही सेकंदांनी आपलं तापमान, दाब, कंपनं कळवतात. ऐकायला बसलेला असतो तो हा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे पोचवणारा संगणक-प्रोग्राम.

बोली त्याची एमक्यूटीटी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवायला घडवली. उपग्रहावरून एकेक बाइट महाग पडे, त्यामुळे काटकसर हिच्या रक्तातच. निरोपाचा मथळा दोन बाइटांतही भागतो.

स्वभावाने हा गृहस्थ अलिप्त. निरोपात काय आहे याची त्याला उत्सुकता नाही. ज्याने नाव नोंदवलं त्याच्या हातात ठेवला की संपलं. पण जोडणी होतानाच मशीन त्याच्याकडे मृत्युपत्र ठेवू शकतं: मी अचानक गेलो तर अमक्यांना हे सांग. मग ठरल्या मुदतीच्या दीडपट वेळ चिडीचूप गेली, की तो ते बिनदिक्कत जाहीर करतो. बंद पडलेलं मशीन स्वतः काय सांगणार? सुपरवायझरच्या मोबाइलवर वाजते ती याची बातमी. मला त्याचं हेच कसब मोठं वाटतं.

कसोटी लागते लाईट परत आल्यावर. सगळी मशिनं एकाच क्षणी दारात, प्रत्येकाचं प्रमाणपत्र तपासायचं. नवखा ब्रोकर इथेच आडवा होतो. उठतो तोवर तीच झुंड पुन्हा हजर. याचं औषध त्याच्याकडे नाही, मशिनांकडे आहे. नकार मिळाला की थांबा, पुढच्या वेळी दुप्पट थांबा, आणि सगळे एकाच ठोक्याला येऊ नका, हे त्यांना आधीच शिकवून ठेवावं लागतं. घाईने काम सुरू करणारे नेमकं हेच विसरतात.

त्याची नवी आवृत्ती आधी एकाच लाइनवर चढते, तीही भर दिवसा, माणसं जागी असताना. जुनी शेजारी तयार ठेवून. कारण पॅनेलमधले काही डबे अजून एमक्यूटीटीची २०१४ ची आवृत्ती ३.१.१ बोलतात, नवे २०१९ ची आवृत्ती ५. जुने बदलायला लाइन थांबवावी लागेल, आणि त्याला मालक राजी नाही. तेव्हा दोन्ही बोली ब्रोकरलाच सांभाळाव्या लागतात.