घरातला ऑन-कॉल कोण?

आमच्या घराचं वर्ष पाडव्याला बदलतं. गेल्या वर्षीचा पाडवा ३० मार्च २०२५ ला होता, यंदाचा १९ मार्च २०२६ ला. या दोन गुढ्यांच्या मधल्या काळात घरातली माणसं तीनाची चार झाली, हॉलची बेडरूम झाली, बाबांना कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला लागल्या आणि आईची नोकरी जाता जाता राहिली. त्यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून हे सगळं लिहितोय.

आम्ही चेण्याला राहतो. घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही चेणे नेमकं कुठे ते पटकन सांगता येत नाही. ठाण्याकडून येताना गायमुखचा घाट ओलांडायचा. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी. कागदोपत्री आम्ही मीरा-भाईंदर महापालिकेचे शहरवासी आहोत, पण रात्री नदीच्या बाजूला एकट्यानं जायचं नाही, बिबट्या असतो, हे लहानपणापासून ऐकत आलोय. स्टेशनला जायचं तर आधी रस्त्यावर येऊन बसची वाट बघायची, आणि घाटात ट्रॅफिक अडकलं तर ती बघतच राहायची.

मे महिन्यात गावाहून आजी आली, बाबांची आई. वय ८१. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि गावच्या घरात तिला एकटीला ठेवणं आता शक्य नव्हतं. त्या वर्षी मुंबईत पाऊस २६ मेलाच आला, कित्येक दशकांत सगळ्यात लवकर. आजी त्याच्या आठवडाभर आधी वॉकरसकट आली होती. “मी आले नि पावसाला घेऊन आले,” असं ती पुढे महिनाभर येईल त्याला सांगत होती.

येणारे बरेच होते. चहा व्हायचा, आजीची चौकशी व्हायची आणि मग प्रत्येक जण आईकडे वळून एकच प्रश्न विचारायचा. “मग, तू काम कधी सोडतेयस?”

आई ५१ वर्षांची आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात ती चौदा वर्षं डिस्पॅचचं रजिस्टर सांभाळते. सकाळी सव्वाआठला निघते, संध्याकाळी सातला येते. बाबा आदल्याच वर्षी रिटायर झालेत. हा प्रश्न विचारला जायचा तेव्हा ते त्याच खोलीत पेपर वाचत असायचे. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, म्हणजे मीही दहा फुटांवर लॅपटॉप उघडून बसलेला असायचो. दिवसभर घरात असणारी दोन धडधाकट माणसं समोर असताना, सुट्टी विचारली जात होती ती घरात नसणाऱ्या तिसऱ्या माणसाची.

आईनं या प्रश्नाला तोंडी उत्तर कधी दिलं नाही. एका रविवारी तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. पीएफच्या पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये. आत्ता सोडलं तर चौदा वर्षांचे महिन्याला ३,०००. अठ्ठावन्नपर्यंत काम केलं तर एकवीस वर्षं होतात, आणि वीस पूर्ण केल्यावर दोन वर्षं वाढवून धरतात. म्हणजे तेवीस वर्षांचे जवळजवळ ४,९३०. “दोन हजारांचा तर फरक,” बाबा म्हणाले. आई म्हणाली, “हो. पण तो मरेपर्यंत दर महिन्याला माझा असेल.”

मग थोड्या वेळानं, भांडी लावता लावता, ती म्हणाली, “आणि तिकडे मला नावानं हाक मारतात.”

नोकरी राहणार हे ठरलं. पण राहणार कशी, हे ठरायचं होतं.

मी इंजिनियर असल्यामुळे माझा पहिला उपाय म्हणजे शीट. मी आणि बाबांनी बसून घरातली सगळी कामं लिहिली. सत्तेचाळीस ओळी भरल्या. वाटपही केलं. बाबांकडे सकाळचा चहा, आजीचा नाश्ता, गोळ्या, दुपारचा कुकर. माझ्याकडे किराणा, दवाखाना, रात्रीची भांडी, मशीन. कागदावर आईकडे फक्त अकरा ओळी उरल्या.

तरी पहिल्या आठवड्यात आईच्या फोनवर कामाच्या वेळात रोज सात-आठ कॉल जात होते. हिंग कुठेय? आजी जेवत नाहीये, काय करू? गॅसवाला आलाय, पुस्तक कुठेय? पांढरी गोळी आधी की पिवळी? ओळी बाबांच्या नावावर होत्या आणि ते त्या मनापासून करतही होते. पण अडलं की घंटा आईचीच वाजत होती.

आमच्या क्षेत्रात याला नाव आहे. कोणतीही मोठी सिस्टीम चालवताना टीममध्ये एक जण ‘ऑन-कॉल’ असतो. तो सगळं काम करत नसतो. पण रात्री तीनला काही बंद पडलं तर फोन त्याला येतो. त्यामुळे तो सिनेमाला गेला तरी अर्धा बाहेरच असतो. म्हणून कुठलीही बरी टीम ही जबाबदारी आठवड्यानं फिरवते आणि पुढच्याला देताना नीट लिहून देते: काय चालू आहे, काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करायचं. आमच्या घरात लग्न झाल्यापासून, म्हणजे तीस वर्षं, एकच माणूस ऑन-कॉल होतं.

हे फक्त चेण्यातलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. आणि ही सरासरी काही ना काही घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच आहे. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले होते. या पाहण्या मिनिटं मोजतात, तेही मोठंच काम आहे. पण गाळ्यातल्या खुर्चीवर बसून पिवळी गोळी लक्षात ठेवण्याची मिनिटं त्यात आईच्या नोकरीच्या वेळेत जमा होतात.

डायान एल्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी बिनपगारी कामाबद्दल तीन पायऱ्या सांगितल्यात: ते काम आहे हे ओळखा, ते कमी करा आणि ते वाटून घ्या. शीटमुळे ओळखणं झालं होतं. कमी करणं सोपं निघालं, कारण त्याला फक्त पैसे आणि एक प्लंबर लागला. संडास-बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवले. दाराचा दोन इंचांचा उंबरा काढून उतार केला. आजीच्या पलंगाखाली रात्री आपोआप लागणारा दिवा लावला. गोळ्यांसाठी आठवड्याचे कप्पे असलेली डबी आणली. आजी रात्री एकदा तरी आईला हाक मारायची, ती या दिव्यानंतर बहुतेक रात्री मारेनाशी झाली.

वाटून घेणं अवघड होतं, आणि तिथे शीटपेक्षा एका साध्या नियमाचा उपयोग झाला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात आईला फोन करायचा नाही. अडलं तर मला करायचा, मी ऑफिसला असलो तरी. मलाही माहीत नसेल तर आपल्या मनानं करायचं आणि संध्याकाळी सांगायचं. बाबांनी दोन दिवस हिंगाशिवाय आमटी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळे डबे खाली काढले, पुसले आणि स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवून आपल्या सोयीनं लावले. आता हिंग कुठे आहे ते आईला विचारावं लागतं.

एक गोष्ट मात्र शीटमध्ये बसली नाही. आजीची आंघोळ. “पोराकडून न्हाऊन घेऊ? त्यापरीस तशीच बसेन,” ती म्हणाली, आणि बसलीही. तिच्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं. महिनाभर आई पहाटे साडेपाचला उठून तिची आंघोळ उरकून कामावर जात होती. शेवटी जवळच्या पाड्यावरच्या एक ताई रोज सकाळी दोन तास यायला लागल्या. आंघोळ, वेणी, थोडं चालवणं. महिन्याचे सहा हजार मी देतो. आजीची आणि त्यांची गट्टी इतकी जमली की आम्हाला आत यायला बंदी असते.

ऑक्टोबरात एकदा ताईंना उशीर झाला. बाबांनी सहज विचारलं, तर म्हणाल्या, सासू आजारी आहे, मुलीला आज शाळेला घरी ठेवून आले. मुलगी नववीत आहे. मला आमच्या शीटमधली ती हिरवी झालेली ओळ दिसली. आमच्या घरातून एक काम कमी झालं होतं, ते दीड किलोमीटरवरच्या एका घरात चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगावर गेलं होतं. आम्ही दोन गोष्टी केल्या. महिन्याला चार पगारी सुट्ट्या ठरवल्या, आणि घरी अडचण असेल तर न विचारता ती वापरायची असं सांगितलं. त्या दिवशी आई अर्धा दिवस उशिरा जाते किंवा आजी एक दिवस आंघोळ टाळते. यानं त्या मुलीचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. तिची शाळा बुडण्याचं एक कारण आमचं घर असू नये, एवढंच आमच्या हातात होतं.

तर, पुढच्या पाडव्यापर्यंतची उद्दिष्टं. पूर्वी मी संकल्प लिहायचो ते जिम, पुस्तकं, नवी प्रोग्रॅमिंग भाषा असे माझ्यापुरते असायचे. यंदाची यादी घराची आहे.

एक, आईला गाळ्यातल्या मैत्रिणींबरोबर चार दिवस गणपतीपुळ्याला जायचंय. ती जाईल आणि चारही दिवस घरून तिला एकही फोन जाणार नाही. तिनं केला तर उचलायचा, पण “सगळं ठीक आहे” यापुढे काही बोलायचं नाही.

दोन, ताईंचा पगार एप्रिलपासून वाढवायचा, आणि दर एप्रिलला त्यांनी मागायच्या आधी.

तीन, आजीच्या रात्रीच्या हाकेला बुधवार आणि शनिवार मी उठायचं. आजी अजून आईचंच नाव घेते. तरी उठायचं.

चौथं उद्दिष्ट माझ्या लग्नाशी संबंधित आहे. मी अठ्ठावीसचा आहे आणि स्थळं येतायत. नोकरी कधी सोडणार हा प्रश्न आता मागे पडलाय, त्याच्या जागी दिलासा आलाय. आईला सगळे म्हणतात, “अजून थोडे दिवस काढ, सून आली की सुटशील.” माझ्याच वयाची, बहुधा माझ्यासारखीच नोकरी करणारी एक मुलगी अजून भेटलेलीही नाही, पण तिची ड्युटी लागून गेलीय.

बाबांनी परवा सुचवलं की पुढच्या वेळी मुलगी बघायला जाताना ती शीट बरोबर घेऊन जा. मला वाटलं चेष्टा करतायत. मी विचारलं, कशाला?

“दाखव तिला,” ते तांदूळ धुता धुता म्हणाले, “म्हणजे कळेल की इथली जागा रिकामी नाहीये.”