अनुभव : शून्य वर्षे

सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांच्या रात्री कॉलमपाशी जातात. सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून पिवळसर पट्टा मुंगीच्या पावलांनी खाली उतरत असतो. खालच्या परीक्षानळ्या एकेक करून भरत जातात, आणि टीएलसीची बोटभर पट्टी यूव्ही दिव्याखाली धरून आपण हवा तो ठिपका शोधत असतो. बहुतेक वेळा तो नसतोच. मग तसे वहीत लिहायचे, तारीख घालायची आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. काही वर्षे अशी गेली की एक गोष्ट अंगवळणी पडते: जे साधले नाही त्याचीही चोख नोंद ठेवायची.

नोकरीच्या अर्जात या गुणाला रकाना नाही. पाषाणच्या प्रयोगशाळांतून हिंजवडीला मुलाखतीला जाणारे आमच्यासारखे ‘एकूण अनुभव’ या चौकटीपाशीच अडतात. फेलोशिपवर काढलेली वर्षे एचआरच्या हिशेबी शिक्षणात जमा, म्हणून अनुभव शून्य. शिक्षण मात्र गरजेपेक्षा जास्त! “मॅडम, तुम्ही इथे टिकणार नाही,” असे मला एका ठिकाणी चहा पाजून सांगितले गेले. शोधनिबंधांची यादी काढून टाकली तेव्हा बायोडेटा दोन पानांत मावला. ती यादी पुसताना हात जड झाला, हे खरे.

घरच्यांच्या मते सरळ रस्ता प्राध्यापकीचा. प्रत्यक्षात वाट्याला येते ते तासिका तत्त्व, म्हणजेच सीएचबी. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत तेही नाहीत. २०२३ पासून ज्येष्ठ संशोधकाची फेलोशिप महिना ४२ हजार आहे. पदवी हातात पडल्यावर सीएचबीवर त्याच्या निम्मेही न मिळवणारे मित्र मला आहेत. याला रस्ता कसला म्हणायचे?

मला पेटंटचे काम सापडले. आपल्याकडे १९७० च्या कायद्याखाली औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होते. १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही मिळू लागले आणि वकिलांच्या कचेऱ्यांत रसायनवाल्यांची गरज वाढली. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी चालते, कायद्याची लागत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचे पेटंट नाकारले, तो निकाल मी कादंबरीसारखा वाचला. सगळा वाद एका स्फटिकरूपाचा. पावडर अधिक सुटी वाहते, ओल कमी धरते, हे मान्य; पण त्याने रोग बरा करण्याची ताकद वाढते का? न्यायालय म्हणाले, नाही. असले प्रश्न आम्ही ग्रुप मीटिंगमध्ये एकमेकांना विचारून रडवले आहे.

आज मी दुसऱ्यांच्या वह्या वाचते. कोणता प्रयोग खरोखर केला आणि कोणता नुसताच लिहिला, हे दोन-चार पानांत कळते. यासाठी लागणारी नजर त्या शून्य वर्षांतलीच आहे.

मार्गदर्शकांना एकच विनंती. विद्यार्थ्याला तिसऱ्याच वर्षी विचारा, पुढे काय करायचे आहे. आणि उत्तर ‘पोस्टडॉक’ आले नाही तर चेहरा पाडू नका.