सोयाबीनच्या माळव्यात उपाशी माशी



या अंकात निकाल, शिस्त वगैरे बाजूला ठेवून मधमाश्यांबद्दल लिहिते आहे. विश्वस्त मंडळींनी राग मानू नये. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा मधूनच 'चक्की', 'सरसों' असे शब्द आले तर समजून घ्यावे.

आपल्या आठवीतील एका विद्यार्थ्याचे वडील शेतीला जोड म्हणून इटालियन मधमाश्या पाळतात. (नाव छापू नका म्हणाले.) कर्ज काढून आठ पेट्या घेतल्या होत्या. जुलैत दोन रिकाम्या झाल्या. पालकसभेनंतर ते थांबले आणि म्हणाले, "मॅडम, साखरेचा पाक बरोबर घालतो आहे, तरी माशी घटतेच. उरलेल्या सहा विकून टाकतो."

मी मुळात जीवशास्त्राची. त्यांना म्हटले, पाक म्हणजे नुसती पोळी झाली, वरण कुठे आहे? मधमाशीला मकरंदातून ताकद मिळते, पण प्रथिने मिळतात ती परागातून. एक कामकरी माशी अळीपासून वाढवायला साधारण १२५ ते १४५ मिलिग्रॅम पराग लागतो. तो आला नाही तर दाई माश्या आधी स्वतःचे शरीर झिजवून अळ्यांना भरवतात. मग राणीची अंडी कमी होतात, आणि अगदीच टंचाई झाली की माश्या आपलीच लहान अळी खाऊन टाकतात. पाकाने यातले काहीच थांबत नाही.

मुलांना प्रश्न पडला की बेटम्याच्या चारी बाजूंना एवढे हिरवे असताना माशी उपाशी कशी? ते हिरवे म्हणजे बहुतेक सोयाबीन. त्याचे फूल लहान, बहुतांशी स्वतःच फळणारे, आणि नेमके फुलोऱ्याच्या सुमारास त्यावर औषध फवारले जाते. रब्बीत गहू येतो, त्यात माशीच्या कामाचे काही नाही. माझ्या लहानपणी ज्वार, तीळ, अळशी यांचे तुकडे शेताशेतांतून असत. सोयाबीनने माळव्याला पैसा दिला हे मी नाकारत नाही. आपल्यातील कित्येक मुलांची वह्या-पुस्तके त्यावरच येतात.

आता गंमत पाहा. माशीची ही उपासमार भागवायला जगभर वापरतात ते पीठही सोयाबीनचेच! धान्याच्या पिठाची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सायलेशियातील धर्मगुरू झिएरझोन यांनी पाहिले की फुले येण्याआधी त्यांच्या माश्या शेजारच्या चक्कीतून राय धान्याचे पीठ पायांवर लादून आणतात. पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या हायडॅक यांनी सोया पिठावर बरीच वर्षे काम केले. तीन भाग सोया पीठ, एक भाग ब्रूअर्स यीस्ट, एक भाग साय काढलेल्या दुधाची पावडर, हे मिश्रण त्यांच्या नावाने ओळखले जाते. ते पाकात मळून, चपटी वडी करून, अळ्यांच्या चौकटींवर ठेवतात. उत्तरेकडे काही जण भाजलेल्या चण्याचे पीठही घालतात.

पण घरचे सोयाबीन दळून घातले असे चालत नाही. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, म्हणून तेल काढलेले आणि उष्णता दिलेलेच पीठ हवे. शिवाय सोयाबीनमधील काही शर्करा माश्यांना बाधतात, दुधातली साखरही सोसत नाही. म्हणून सारे बेताने. पावसाळ्यात मोठी वडी ठेवली तर बुरशी आणि मुंग्या आधी जेवतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आठवीची मुले शेतावर गेली आणि सहा पेट्यांत शंभर-शंभर ग्रॅमच्या वड्या ठेवल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी चार पेट्यांत अर्धी वडी संपलेली होती. उरलेल्या दोन पेट्यांतल्या माश्यांनी कचरा काढावा तसे पीठ दाराबाहेर टाकले होते! एका मुलीने सुचवले की दोन पेट्यांना पीठ न देता तुलना करावी. सूचना अगदी शास्त्रशुद्ध होती. वडील म्हणाले, "बेटा, हप्ता मला भरायचा आहे." तेव्हा तुलना राहिली.

सप्टेंबरअखेर पाच पेट्या जगल्या, सहावी गेली. त्याच सुमारास शेजारच्या मक्याला तुरे आले होते, त्यामुळे श्रेय पिठाला किती द्यायचे हे मला सांगता येणार नाही. माझे मत विचाराल तर हे पीठ म्हणजे आजारपणातली पेज आहे. तिच्यावर दिवस निघतात, संसार चालत नाही. वडिलांनी मात्र विकण्याचे रद्द केले आणि पुढच्या खरिपात बांधालगत दोन ओळी तिळाच्या घालणार आहेत.

नोव्हेंबरात पाचही पेट्या दुसऱ्या एका मधपाळाच्या गाडीतून मुरैन्याकडे सरसोंवर गेल्या. त्या परतल्या की चौकटी मोजायला आठवीचा वर्ग जाईल. पालकांनी मुलांना पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे द्यावेत, अत्तर लावू नये, आणि कोणाला डंखाची ॲलर्जी असल्यास वर्गशिक्षकांना आधी लेखी कळवावे.